एएफपी की पिव्हका: दादासाठी आम्ही काय निवडलं

घरात लिव्हर सिरोसिसचा पेशंट असला की दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि सोबत रक्ताची तपासणी ठरलेली. सिरोसिसमध्ये, म्हणजे लिव्हर खराब होऊन कडक झाल्यावर, लिव्हर कॅन्सरचा धोका वाढतो; तो लवकर सापडावा म्हणून हे सगळं. प्रश्न असतो रक्ताची कोणती तपासणी करायची याचा: वर्षानुवर्षं चालत आलेली एएफपी, की आता बरेच लिव्हरचे डॉक्टर लिहून देतात ती पिव्हका? माझ्या मोठ्या भावाला हिपॅटायटिस बीमुळे सिरोसिस आहे. गेली चार वर्षं त्याच्या तपासण्या मीच बघतो, त्यामुळे दोन्हींचा अनुभव गाठीशी आहे.

एएफपीला कमी लेखायचं कारण नाही. कोथरूडमध्ये आमच्या गल्लीतल्या लॅबमध्ये सकाळी रक्त दिलं की संध्याकाळी रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, आणि खर्चही आटोक्यात. लवकरच्या टप्प्यातला कॅन्सर नुसत्या सोनोग्राफीत साधारण ४५ टक्केच सापडतो, सोबत एएफपी केली की ६३ टक्क्यांच्या आसपास. या कारणासाठी तरी ती सोडू नये असं मला वाटतं.

पण तिच्या एका गोष्टीने आमचं घर अक्षरशः जेरीस आणलं. ती म्हणजे मधला आकडा. एएफपी हे मुळात गर्भाच्या लिव्हरमध्ये बनणारं प्रथिन. जन्मानंतर ते जवळजवळ नाहीसं होतं, पण लिव्हरला सूज आली आणि पेशी नव्याने वाढू लागल्या की पुन्हा डोकं वर काढतं. म्हणजे कॅन्सरनेही वाढतं आणि नुसत्या सुजेनेही. आकडा चारशेच्या पुढे गेला तर डॉक्टर हातावर हात ठेवून बसत नाहीत. पाचच्या आत असला की आपल्याला हायसं वाटतं. वीस ते पन्नासच्या मध्ये अडकलं की मात्र कोणीच काही ठाम सांगत नाही.

दादा एका मे महिन्यात कोकणात गावी राहिला आणि तिथे त्याच्या टेनोफोव्हिरच्या (हिपॅटायटिस बीच्या विषाणूवरच्या) गोळ्या पंधरा-वीस दिवस चुकल्या. पुण्याला परतल्यावर एसजीपीटी (लिव्हरची सूज दाखवणारा रक्तातला आकडा) १४० आणि एएफपी ३४. सोनोग्राफीत काहीच नव्हतं. वहिनी रिपोर्ट घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली होती. ठळक छापलेल्या आकड्याखाली बोट ठेवून तिने विचारलं, "भावजी, वीसच्या आत हवा ना हा?" मी हो म्हटलं. त्या रात्री घरात कोणी नीट जेवलं नाही. पुढे ट्रिपल फेज सीटी, म्हणजे कॉन्ट्रास्टचं औषध टोचून तीन टप्प्यांत काढलेला लिव्हरचा स्कॅन. दादाला डायबिटीस, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.४, त्यामुळे कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन द्यायचं की नाही यावर वेगळी चर्चा. सीटी स्वच्छ निघाला. तीन महिन्यांनी एएफपी २३, त्यानंतर ३१, आणि पुन्हा सीटी. तोही स्वच्छ.

दुसऱ्या सीटीनंतर डॉक्टरांनी पिव्हका जोडली. रक्त गोठायला लागणारं प्रोथ्रॉम्बिन कॅन्सरच्या पेशी अर्धवट बनवतात, ते अर्धवट प्रथिन ही तपासणी मोजते. लिव्हरच्या साध्या सुजेने ते एएफपीइतकं हलत नाही. आमच्या लॅबची मर्यादा ४०, दादाचे आकडे २२, २५, २१. मागच्या पावसाळ्यात एसजीपीटी पुन्हा चढला आणि एएफपी २८ वर गेली, तेव्हाही पिव्हका २४ वरच होती. सोनोग्राफी आणि हा आकडा समोर ठेवून डॉक्टर म्हणाले, सीटीची घाई नको, सहा आठवड्यांनी पुन्हा बघू. सहा आठवड्यांनी एएफपी १६ वर आली. वहिनीला त्या एका वाक्याने किती बळ आलं ते मी पाहिलंय.

पिव्हकाच्याही अडचणी आहेत. आम्हाला ती एएफपीच्या तिपटीहून महाग पडते आणि नमुना मोठ्या लॅबकडे पाठवावा लागतो. घरच्या पेशंटला वॉर्फरिनसारखी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ही तपासणी जवळपास निरुपयोगी, कारण त्या गोळीनेच आकडा भरमसाट वाढतो. के जीवनसत्त्व कमी पडलं, पित्तनलिका अडून कावीळ झाली किंवा अँटिबायोटिक बरेच दिवस चालली, तरी तेच. अशा वेळी काही डॉक्टर के जीवनसत्त्व देऊन पुन्हा मोजतात.

एएफपी एलथ्री नावाची तिसरी तपासणीही आहे. मसुरातल्या एका प्रथिनाला चिकटणारी एएफपी तेवढी ती वेगळी मोजते. आम्हाला तिची गरज पडली नाही.

दोन्ही जमत असतील तर दोन्ही कराव्यात, कारण कुणाची एएफपी वाढते, कुणाची पिव्हका. लिव्हर कॅन्सरच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्यात एएफपी वाढतच नाही. दोन्ही आकडे चांगले आले म्हणून सोनोग्राफी टाळू नका, आणि आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच असंही धरू नका; निदान शेवटी ट्रिपल फेज सीटी किंवा एमआरआयवरच होतं. लॅब मात्र बदलू नका, कारण मशीन बदललं की आकडाही बदलतो.

तुमच्या डॉक्टरांनी फक्त एएफपी लिहिली असेल तर ते चुकीचं नाही. पण हिपॅटायटिस बी किंवा सी असेल, एसजीपीटी वरखाली होत असेल आणि रक्त पातळ करायची गोळी नसेल, तर पिव्हकाबद्दल त्यांना जरूर विचारा. दादाच्या फाइलमध्ये दोन्ही रिपोर्ट असतात. पाकीट उघडलं की मी आधी पिव्हकाचा कागद शोधतो.