डिक्शनरी ॲपमध्ये 'जस्ट' शोधलं आणि 'न्याय्य' मिळालं

गेले चार महिने फोनवर एक इंग्लिश-मराठी डिक्शनरी ॲप वापरतेय, नाव नाही घेत, उगाच कुणाच्या पोटावर पाय कशाला. नाम-क्रियापदं बरी आहेत, पण ॲडव्हर्ब आलं की पार गंडतं. लेकीला शाळेतून 'जस्ट' ची पाच वाक्यं मराठीत करून आणायला सांगितलेली, तिने शब्द टाकला तर पहिला अर्थ न्याय्य, दुसरा रास्त, तिसरा उचित आणि खाली साबणाची जाहिरात. पोरीने वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'न्याय्य एक मिनिट थांबा'. मी हसून हसून बेजार, ती रडकुंडीला.

आता तसं बघायला गेलं तर अर्थ चुकीचा नाहीये, लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्लिशमध्ये आलेला शब्द आहे आणि तिकडे तो न्यायाचाच. पण तो ॲडजेक्टिव्ह झाला ना, दिवसभर कानावर पडतं ते ॲडव्हर्ब! 'ही हॅज जस्ट लेफ्ट' म्हणजे आत्ताच गेला, 'जस्ट टू' म्हणजे फक्त दोन, 'जस्ट लाइक हर मदर' म्हणजे अगदी आईसारखी, 'जस्ट अ मिनिट' मध्ये नुसतं 'जरा', आणि 'वी जस्ट मेड इट' म्हणजे कसेबसे पोचलो. निम्म्या वेळी तर मराठीत वेगळा शब्द लागतही नाही, मागे 'च' चिकटवला की काम झालं (आणि आपण तरीही 'जस्ट आत्ताच आले' म्हणतो, ते असो). यातलं एकही ॲपमध्ये नाही.

मग पैसे भरून प्रीमियम घेतलं, उदाहरणं मिळतील म्हणून. मिळालं काय, तर 'जस्ट नाउ' म्हणजे आत्ता, बास. ऑफिसात जोहान्सबर्गचा क्लायंट 'आय विल कॉल यू जस्ट नाउ' म्हणाला, मी डबा न उघडता फोनपाशी बसून राहिले, फोन आला दोन तासांनी. साऊथ आफ्रिकेत त्याचा अर्थ 'करतो थोड्या वेळाने' असा होतो हे मला शेजारच्या टेबलवरच्या मुलीने सांगितलं, तोवर भाजी गार.

उच्चार स्पष्ट ऐकू येतात, नेट नसलं तरी चालतं. तीन स्टार देतेय, त्यातला एक फक्त ऑफलाइनचा. प्रीमियम अजिबात घेऊ नका.