चांदोबा: ट्रंकेतला की मोबाइलवरचा?

परभणीच्या घरी ट्रंकेत ‘चांदोबा’चे जुने अंक सापडले. तसेच अंक स्कॅन केलेले मोबाइलवरही आहेत. स्कॅन सोयीचा, चित्रकार शंकर यांचं विक्रम-वेताळाचं चित्र, उपसलेली तलवार, विक्रमाच्या खांद्यावरचं प्रेत, सगळं दोन बोटांनी मोठं करून बघता येतं. (हे मासिक १९४७ साली मद्रासला तेलुगू-तमिळमध्ये सुरू झालं, हे मला चाळिशीत कळलं. आम्हाला ते आपल्याकडचंच वाटायचं!)

ट्रंकेतल्या अंकाला कसर लागलीय. पण वेताळाचा प्रश्न आला की आज्जी पुढचं पान तळहातानं झाकायची, “आधी तू सांग.” तिच्या हळदीच्या बोटांचा डाग अजून तिथंच आहे. मोबाइलवर मी उत्तर लगेच सरकवून बघितलं आणि मजाच गेली.

माझं मत कागदाला. कसरीनं खाल्लेला एक शेवट तेवढा मोबाइलवर वाचला.