एचओ की एन? पुरानंतरचा लेआउट

2019 च्या पुरात सांगलीतल्या आमच्या खालच्या खोलीत पाणी आलं आणि मॉडेल रेल्वेची मांडणी होती त्या सहा बाय चार फुटी प्लायचे पापुद्रे सुटले. गाड्या तेवढ्या माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. आता मांडणी वरच्या मजल्यावर. प्रश्न एकच: जुनं एचओ हे माप चालू ठेवायचं की त्याहून लहान एनकडे वळायचं?

एचओ म्हणजे खऱ्या गाडीच्या 1:87 आकार, रुळांतलं अंतर 16.5 मिमी. एन म्हणजे 1:160 आणि 9 मिमी. जागेच्या हिशेबात एन सरळ जिंकतं. एचओची गाडी पूर्ण वळवायला फळी निदान अडीच फूट रुंद लागते. एनला दीड फुटात भागतं.

पण एन नखरेल. इंजिन हलकं, चाकं बारीक, रुळावर जरा धूळ बसली की अडलंच. आणि हळदीच्या सीझनला आमच्याकडे धूळसुद्धा पिवळी! आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवून कंटाळा येतो. शिवाय चाळिशीनंतर डबे जोडणारा तो इवलासा कपलर चिमट्यात धरून बघा.

खरी गंमत वेगळीच. मिरजेहून लातूरकडे जाणारी जुनी बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी होती, म्हणजे रुळांतलं अंतर 762 मिमी. भागिले 87, जवळजवळ 9. म्हणजे एनचेच रूळ एचओच्या शेजारी टाकले की नॅरोगेज तयार!

म्हणून मी एचओच ठेवलं. एनचे फक्त रूळ घेतले, मांडणीतल्या मिरजेच्या फलाटाच्या पलीकडच्या बाजूसाठी. डबे मात्र पुठ्ठ्यातून स्वतःच कापावे लागतायत. दोन झाले, तिसऱ्याचं छप्पर वाकडं बसलंय.