एस्सिटालोप्राम १० एमजी: दहा महिन्यांचा अनुभव, जरा सविस्तरच

मी सांगलीची, वय ३८, एका कंपनीत अकाउंट्सला आहे. गेल्या नोव्हेंबरपासून ही अँग्झायटी (सततची भीती, काळजी) आणि डिप्रेशनवरची गोळी घेतेय. सुरू करायच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईलवर शोधत बसले होते की मराठीत कुणी साध्या बाईने लिहिलंय का, पहिल्या आठवड्यात काय होतं, महिन्याने काय होतं, सुटते का नाही. एक तर घाबरवणारं काहीतरी मिळायचं नाहीतर जाहिरात. म्हणून लिहितेय. मी डॉक्टर नाही, माझा डोस बघून कुणी स्वतःच्या मनाने गोळी आणू नका, माझ्या बाबतीत काय झालं एवढंच सांगते.

सुरुवात छातीपासून झाली. ऑफिसमध्ये बसल्या बसल्या धडधड, हाताला मुंग्या, घशाशी काहीतरी अडकल्यासारखं, आणि एकदम वाटायचं की आता संपलं. पहिल्यांदा झालं तेव्हा मिस्टर मला घेऊन तसेच दवाखान्यात पळाले. ईसीजी, टूडी इको, रक्त, सगळं झालं. हार्ट चांगलं. थायरॉइड नॉर्मल. बी १२ कमी निघालं, त्याची इंजेक्शनं घेतली, थकवा थोडा गेला पण धडधड तशीच. असं चार महिन्यांत तीनदा झालं, आणि तिसऱ्यांदा फिजिशियननी शांतपणे सांगितलं, ताई, हृदयाला काही झालेलं नाही, तुम्ही एकदा सायकिॲट्रिस्टना दाखवा. मी घरी येऊन खूप रडले. मला वाटलं यांनी मला वेडी ठरवलं.

आमच्याकडे कुणी जरा वेगळं वागलं की लगेच म्हणतात, येरवड्याला टाका. ठाण्याकडचे म्हणतात ठाण्याला, विदर्भात नागपूरला, कोकणात रत्नागिरीला. जिथे जिथे सरकारी मनोरुग्णालय आहे त्या गावाचं नावच आपण शिवी करून ठेवलंय. लहानपणापासून हे ऐकलेलं डोक्यात इतकं बसलं होतं की त्यात अजून तीन आठवडे गेले. शेवटी सांगलीत ओळखीचं कुणी भेटेल म्हणून मिरजेला गेले, तोंडाला स्कार्फ बांधून. आत जाऊन बघते तर वेटिंगला आमच्या गल्लीतल्याच एक काकू. दोघी एकमेकींकडे बघून नुसत्या हसलो. त्यांनी शेजारची खुर्ची पुढे केली. आजपर्यंत कुणी कुणाला काही बोललेलो नाही, पण त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

डॉक्टर मॅडमनी आधी दोन कागद दिले भरायला. एकात नऊ प्रश्न, एकात सात, गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं, ० ते ३ मार्क. मग पाऊण तास ऐकून घेतलं. ईसीजी काढलेला वाया गेला नाही, त्यांनी तो नीट बघितला, कारण या गोळीने काही जणांच्या ईसीजीत थोडा फरक पडू शकतो असं म्हणाल्या. अँग्झायटी जास्त आणि त्याच्या मागून डिप्रेशन, असं निदान. सकाळी नाश्त्यानंतर एस्सिटालोप्राम ५ एमजी आठ दिवस, मग १०. सोबत रात्री क्लोनाझेपाम ०.२५, म्हणजे शांत करून झोप आणणारी गोळी, पण ती फक्त तीन आठवडे.

आता पहिले पंधरा दिवस. हे कुणीतरी मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे. बरं वाटायच्या आधी मला जास्त वाईट वाटलं. मळमळ इतकी की फोडणीच्या वासाने बाहेर जाऊन उभी राहायची. झोप नसताना सारख्या जांभया, जबडा दाबून धरल्यासारखा, तळहाताला घाम, आणि तिसऱ्या चौथ्या दिवशी धडधड आधीपेक्षा वाढली. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून टिकले. नाहीतर चौथ्या दिवशी पट्टी कचऱ्यात गेली असती, आणि मला वाटतं बरेच जण तिथेच सोडतात आणि मग सांगत फिरतात की गोळी मला सूट झाली नाही. मळमळीचं कारणही त्यांनी सांगितलं होतं, सेरोटोनिन नावाच्या ज्या रसायनावर ही गोळी काम करते ते शरीरातलं बहुतेक सगळं पोटात, आतड्यात असतं, त्यामुळे आधी पोट कुरकुरतं. माझी मळमळ दहाव्या दिवसानंतर कमी झाली. उपाशीपोटी घेतली की जास्त व्हायची, म्हणून मी पोह्याचे चार घास का होईना खाऊन मगच घ्यायची.

अजून एक, या सुरुवातीच्या दिवसांत जीव नको वाटण्याचे विचार आले किंवा वाढले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींच्या बाबतीत तर घरच्यांनी जास्तच लक्ष ठेवायचं असतं. मॅडमनी हे मिस्टरांना समोर बसवून सांगितलं. मला आवडलं ते, कारण पेशंट स्वतः हे सांगू शकेलच असं नसतं.

फरक कधी पडला तर पाचव्या आठवड्यात, आणि मला कळलाच नाही. डिसेंबरचा शेवट, मटार सोलत बसले होते आणि कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. तिसरी झाली, उठून गॅस बंद केला, परत येऊन सोलायला बसले. आणि मग लक्षात आलं की मी दचकले नाही. त्याआधी वर्षभर कुकरची शिट्टी झाली की माझ्या पोटात खड्डा पडायचा, सासूबाई कुकर लावायच्या आधी मला आवाज देऊन सांगायच्या. आनंद वगैरे झाला असं नाही म्हणणार, नुसतं शांत होतं. ही गोळी घेऊन कुणी हसत सुटत नाही. ज्यांना तशी अपेक्षा आहे त्यांना महिनाभराने वाटेल की काहीच होत नाहीये, म्हणून सांगतेय की असल्या बारीक गोष्टींकडे बघा.

क्लोनाझेपामबद्दल वेगळं लिहिते कारण लोक दोन्ही गोळ्या एकच समजतात. ती घेतली की अर्ध्या पाऊण तासात अंग सैल पडतं, विचार लांब जातात, आणि झोप येते. इतकं छान वाटतं की तीच खरी गोळी वाटायला लागते. पण सवय लागते ती हिचीच, आणि अचानक बंद केली तर त्रासही होतो. माझ्या मॅडमनी तिसऱ्या आठवड्यात अर्धी, मग एक दिवसाआड अर्धी, मग बंद असं केलं. बंद झाल्यावर चार पाच रात्री टक्क जागी होते. अजून एकच पट्टी लिहून द्या म्हणून मी फोन केला होता, त्या नाही म्हणाल्या. तेव्हा राग आला होता, आज त्यांचे उपकार वाटतात. आमच्याच नात्यात एक मावशी आहेत, कुणीतरी कधीतरी झोपेसाठी लिहून दिलेली गोळी नऊ वर्षं घेतायत, आता तिच्याशिवाय डोळाच लागत नाही.

जो त्रास राहिला तोही सांगते. घाम अजून येतो, थंडीतसुद्धा. वजन दहा महिन्यांत तीन किलो वाढलं, गोळीमुळे की जेवण परत जायला लागलं म्हणून ते मला सांगता येणार नाही. आणि नवरा बायकोच्या संबंधांवर परिणाम होतो. इच्छाच कमी होते, आणि झाली तरी शेवटपर्यंत जाता येत नाही. हा या प्रकारच्या गोळ्यांचा अगदी कॉमन साईड इफेक्ट आहे, बायकांमध्येही आणि पुरुषांमध्येही, पण बोलत कुणीच नाही. मी दोन महिने गप्प राहिले, मिस्टरांना वाटलं माझं मन उडालं. शेवटी चिठ्ठीवर लिहून मॅडमच्या टेबलावर ठेवलं, तोंडाने निघेना. त्या अगदी साधेपणाने बोलल्या, दोघांना समजावलं, डोस थोडा बदलणं किंवा गोळी बदलणं असे मार्ग असतात म्हणाल्या. आम्ही थांबायचं ठरवलं, थोडं सुधारलंय, पूर्ण नाही. पण घरात गैरसमज होता तो गेला.

दुसरं म्हणजे फेब्रुवारीत पुतणीचं लग्न झालं, पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते आणि मी कोरडी उभी. तिला मी अंगाखांद्यावर खेळवलंय. आतून सगळं कळत होतं, पाणी मात्र येईना. त्याचं मला अजून वाईट वाटतं. हे सुद्धा मॅडमना सांगितलंय आणि त्यांनी लिहून घेतलंय.

एप्रिलमध्ये मी चूक केली. छान चाललं होतं, आई (म्हणजे सासूबाई) रोज म्हणायच्या किती दिवस त्या गोळ्या खाणार, आता बरी आहेस की. त्यांचा हेतू वाईट नव्हता. मलाही वाटलं बरी आहे. बंद केली, कुणाला न विचारता. दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखा झटका, चक्कर, विचित्र खरी वाटणारी स्वप्नं, आणि ऊठसूट रडू. चौथ्या दिवशी स्कूटीवरून विश्रामबाग चौकात अशी गरगरले की गाडी बाजूला घेऊन फूटपाथवर बसून राहिले. मॅडमना फोन केला, त्या रागावल्या नाहीत, आजच परत सुरू करा म्हणाल्या. दोन दिवसांत झटके थांबले. मला वाटलं म्हणजे मला याचं व्यसन लागलं. तर त्यांचं म्हणणं असं की व्यसनात डोस वाढवत न्यावासा वाटतो, तलफ येते, इथे तसं नाही, पण मेंदूने या गोळीशी जुळवून घेतलेलं असतं आणि एकदम काढून घेतली की तो गडबडतो, म्हणून उतरताना पायरी पायरीने उतरायचं. तेव्हापासून पट्टी संपायच्या पाच दिवस आधी नवीन आणते, आणि प्रिस्क्रिप्शनचा फोटो मिस्टरांच्याही मोबाईलमध्ये ठेवलाय.

आता पावसाळा. खरं तर सगळं तिथूनच आलेलं. २०१९ ला आमच्या घरात कृष्णेच्या पुराचं पाणी होतं. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी ५७ च्या वर गेलं. २०२१ ला उंबऱ्याला लागून परत फिरलं. तेव्हापासून जून लागला की माझा मोबाईल हातातून सुटायचा नाही. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, धरण १०५ टीएमसीचं त्यात किती भरलं, आयर्विनला किती फूट, दर तासाला बघायचं, रात्री अलार्म लावून उठून बघायचं. पाणी २० फुटांवर असताना मी साड्या माळ्यावर टाकायची. मुलगी सहावीत आहे, ती पण माझं बघून पाणी किती झालं विचारायला लागली होती, ते बघून माझ्या काळजात चर्र झालं होतं.

यंदाच्या जुलैत पाणी वाढायला लागलं तेव्हा भीती वाटलीच. गोळीने ती गेली नाही, आणि जायलाही नको, नदीकाठी राहणाऱ्याला ती पाहिजेच. पण मी सकाळी आणि संध्याकाळी असं दोनदाच बघितलं. मधल्या वेळात ऑफिसचं रिटर्न भरलं, डबे केले. यात गोळीइतकाच हात काउन्सिलर ताईंचा आहे, जानेवारीपासून पंधरा दिवसांतून एकदा जाते. त्यांनी एक कागद करून घेतला, पाणी ३५ फूट झालं तर काय करायचं, ४० झालं तर काय, कागदपत्रं कुठे, आईंना कुणाकडे न्यायचं. तो फ्रिजवर लावलाय. आकडा बघायचा, कागद बघायचा, त्यात काही करायचं नसेल तर मोबाईल खाली ठेवायचा. हे मला दोन वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर जमलं नसतं, डोकं तेवढं स्थिरच नव्हतं. गोळीने डोकं स्थिर झालं तेव्हा कुठे ताईंचं बोलणं आत शिरलं. म्हणून गोळी की काउन्सिलिंग असं जे लोक विचारतात त्यांना मी म्हणते, माझ्या बाबतीत एकावाचून दुसरं चाललं नसतं.

खर्चाचं सांगते. मी घेते त्या कंपनीची दहाची पट्टी शंभराच्या आसपास पडते, जनऔषधी केंद्रात हाच घटक बराच स्वस्त मिळतो, पण बदलायचं असेल तर डॉक्टरांना विचारून आणि मग सारखं एकच ठेवा. खरा खर्च फी आणि काउन्सिलिंगचा. मानसिक आजाराला इतर आजारांसारखाच विमा द्यायचा असं २०१७ च्या कायद्यात आहे, पण माझ्या पॉलिसीत ओपीडीच नाही, त्यामुळे मला एक रुपया मिळाला नाही. ज्यांना हे परवडत नाही किंवा गावात डॉक्टरच नाहीत त्यांनी टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा १४४१६ नंबर लावा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. मी एप्रिलमधल्या त्या एका रात्री लावला होता.

आणि दुसरं कुठलंही औषध घेताना ही गोळी चालू आहे हे सांगा, अगदी दाताच्या डॉक्टरांनासुद्धा. काही पेनकिलर हिच्याबरोबर चालत नाहीत, ट्रॅमाडॉल त्यातलीच एक. मी दाढ काढायला गेले तेव्हा आधी सांगितलं, त्यांनी लगेच वेगळी गोळी लिहून दिली.

सध्या १० एमजीवरच आहे. गेल्या वेळी ते दोन कागद परत भरले, पहिल्या दिवशीचे मार्क १७ आणि १५ होते, आता ४ आणि ५. मॅडम म्हणतात पूर्ण बरं वाटायला लागल्यापासून सहा ते नऊ महिने तरी घ्यायची असते, त्यात एप्रिलचा घोळ झालाय, म्हणून दिवाळीनंतर कमी करायला घेऊ. आधी साडेसात, मग पाच, असं काही आठवडे. आई आता रोज सकाळी स्वतःच विचारतात, गोळी घेतलीस का गं. उतरताना काय होतं ते तेव्हा लिहीन.