दर वेळी ग्रँट मागायची की जागा आधीच बांधून द्यायची?

कारखान्यात स्वतःचं एलटीई (फोरजी मोबाइल नेटवर्क) बसवताय आणि दोनेकशे सेन्सर जोडायचेत, तर अपलिंक (सेन्सरकडून बेस स्टेशनकडे जाणारा डेटा) डायनॅमिक ठेवायचं, म्हणजे सेन्सरने दर वेळी ग्रँट (पाठवायची परवानगी आणि जागा) मागायची, की सेमी-पर्सिस्टंट, म्हणजे ठरल्या वेळची जागा आधीच बांधून द्यायची, हा प्रश्न येणारच. मी वर्षभर डायनॅमिकवर काढलं, मग बदललं.

डायनॅमिक वाईट नाही हां. आमच्याकडे वरून क्रेन फिरते, ती मधे आली की सिग्नल पडतो, आणि बेस स्टेशन पुढच्याच ग्रँटला एमसीएस (डेटा किती दाटीने भरून पाठवायचा ती पातळी) खाली आणतं. शिवाय ज्याला काही पाठवायचंच नाही त्याच्यासाठी जागा अडत नाही.

पण मला छळलं ते पाळी सुरू होतानाच्या गोंधळाने. लाइन चालू झाली की सगळे सेन्सर एकदम जागे, प्रत्येकाला पाठवायचेत जेमतेम चाळीस बाइट, आणि तेवढ्यासाठी आधी शेड्युलिंग रिक्वेस्ट, मग छोटी ग्रँट, मग बफरमध्ये किती साचलंय ते कळवायचं, मग खरी ग्रँट, तेव्हा कुठे डेटा निघतो. ह्या ग्रँट जातात पीडीसीसीएचवरून (बेस स्टेशनच्या सूचनांचा चॅनल), आणि आमच्या १० मेगाहर्ट्झमध्ये त्याला दर मिलिसेकंदाला जास्तीत जास्त ३ सिम्बॉल (वेळेचे छोटे तुकडे). म्हणजे डेटाचा चॅनल मोकळा पडलाय आणि ग्रँट द्यायलाच जागा नाही! दोन आठवडे मी अँटेना हलवून बघत होतो, लॉग नीट वाचले तेव्हा हे दिसलं.

सेमी-पर्सिस्टंट एलटीईत मानकाच्या रिलीज ८ ह्या आवृत्तीपासून आहे, मुळात फोनवरच्या आवाजासाठी, कारण बोलणं चालू असताना दर २० मिलिसेकंदाला एक पॅकेट येतंच. कंपनाचा सेन्सरही तसाच, ठरल्या वेळी बोलणारा. आम्ही ६४० मिलिसेकंदाचा पिरियड घेतला, सगळ्यांना वेगवेगळे ऑफसेट (सुरुवातीच्या वेळा) दिले आणि सकाळची ती रांगच संपली.

एक खोच मात्र आहे, इम्प्लिसिट रिलीज. सेटिंगप्रमाणे लागोपाठ २, ३, ४ किंवा ८ वेळा जागा रिकामी गेली की सेन्सर ती ग्रँट गुपचूप सोडून देतो आणि परत मागण्यावर येतो. म्हणून आम्ही वाचन बदललं नसलं तरी ते पाठवायला लावलं. इथे एमसीएसही आधीच बांधलेला असतो, म्हणून क्रेनखालच्या सेन्सरना तो जरा सावध दिला, त्यात थोडी जागा वाया जाते, मला ती चालली.

अलार्म आणि कॅमेरे आम्ही डायनॅमिकवरच ठेवलेत, त्यांचा काही नेम नसतो. तुमचे बहुतेक सेन्सर घड्याळावर चालणारे असतील तर मी तरी सेमी-पर्सिस्टंटच घेईन, फक्त सेन्सरच्या एलटीई मॉड्यूलची ऑर्डर द्यायच्या आधी ते अपलिंकला ही सोय देतात का ते विचारून घ्या, सगळेच देतात असं नाही.