पितळी सूर्यघड्याळ आणि त्यावरचे पाच लॅटिन शब्द

इंग्लंडमधल्या एका विक्रेत्याकडून मागवलेले पितळी सूर्यघड्याळ गेले वर्षभर पुण्यात आमच्या गच्चीवर आहे. वीतभर व्यासाच्या जाड तबकडीच्या कडेने ‘होरास नॉन नुमेरो निसी सेरेनास’ हे वचन कोरलेले असून शिलालेखांच्या जुन्या रिवाजाप्रमाणे ‘यू’च्या जागी ‘व्ही’ आहे. ‘उन्हाच्या घटकांवाचून दुसऱ्या घटका मी मोजत नाही’, असा त्याचा अर्थ.

वेळ दाखवण्याच्या बाबतीत मात्र विक्रेत्याने निराशा केली. सूर्यघड्याळाच्या शंकूचा, म्हणजे सावली पाडणाऱ्या तिरप्या पात्याचा, कोन त्या ठिकाणच्या अक्षांशाइतका असावा लागतो. हा शंकू लंडनच्या ५१.५ अंशांचा आणि पुणे १८.५ अंशांवर; पत्ता पुण्याचा असूनही याविषयी त्याने अवाक्षर कळवले नाही. अखेर तबकडीची दक्षिणेकडची कड उचलून धरणारी ३३ अंशांची सागवानी पाचर सुताराकडून करून घेतली. तरीही हातातले घड्याळ सरासरी ३५ मिनिटे पुढे असते, पण तो दोष यंत्राचा नव्हे: भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आणि पुणे त्याच्या बरेच पश्चिमेला.

कोरीवकाम मात्र अव्वल आहे. चिंच-मिठाने घासताना अक्षरांत भरलेला काळा रंग निघून गेला, तरी खाचा इतक्या खोल आहेत की सकाळच्या तिरप्या उन्हात ‘सेरेनास’ची अक्षरे नुसत्या सावलीने वाचता येतात.

मी ही वस्तू घेतली ती या वचनासाठीच. अशी वचने केवळ चर्च आणि विद्यापीठांच्या दबदब्यामुळे टिकली, असे मला वाटत नाही. संस्कृताप्रमाणे लॅटिनमध्येही विभक्ती शब्दाच्या अंगातच असते. ‘वहामि’मध्ये जसा ‘मी’ आहे तसा तो ‘नुमेरो’मध्येही (मी मोजतो) आहे, आणि ‘होरास’ म्हणजे घटका आरंभी ठेवून त्यांचे विशेषण ‘सेरेनास’, म्हणजे उन्हाच्या, थेट शेवटी नेता येते, कारण दोन्ही शब्दांच्या अखेरचा ‘आस’ त्यांचे नाते सांगतो. कोणत्या घटका, हे शेवटच्या शब्दापर्यंत उलगडत नाही. मराठीत मी हे वचन अनेकदा करून पाहिले. अर्थ येतो, पण ऊन शेवटी पडत नाही.

आषाढात तबकडी दिवसच्या दिवस नुसती ओली असते आणि तेव्हा हे वचन अक्षरशः खरे ठरते. मागवणाऱ्यांनी शंकू आपल्या गावच्या अक्षांशाचा करून मिळेल का, हे आधी लेखी विचारून घ्यावे. वचन मात्र हेच मागावे.