पत्र्याच्या छपराचा अंदाज काढणारे ॲप : भूमिती चोख, खरेदीची यादी तोकडी

पत्र्याच्या छपराला किती माल लागेल आणि त्याचा खर्च किती येईल, हे सांगणारी मोफत ॲप्स आता बरीच झाली आहेत. त्यांपैकी एक मी बारकाईने तपासले. त्याचे नाव येथे देत नाही, कारण पुढे नोंदवलेले दोष एकूण या साच्याचे आहेत. इमारतीची लांबी, रुंदी आणि छपराचा उतार भरायचा, पत्र्याचा प्रकार निवडायचा, दर टाकायचा, की पत्र्याचे क्षेत्रफळ, स्क्रूंची संख्या, कडेच्या पट्ट्या आणि एकूण रक्कम असा तक्ता समोर येतो.

उताराचा हिशेब या ॲपमध्ये निर्दोष आहे, हे आधी नोंदवले पाहिजे. उतार अंशांत भरता येतो, तसाच १२ ला ४ अशा प्रमाणातही भरता येतो, आणि दोन्ही प्रकारे उत्तर अचूक मिळते. २० अंशांच्या उताराला जमिनीवरच्या क्षेत्रफळाच्या १.०६४ पट, ३० अंशांना १.१५५ पट आणि ४५ अंशांना १.४१४ पट पत्रा लागतो. तोंडी अंदाज देणारे कारागीर अनेकदा हा गुणक सोडून देतात आणि मग चढ्या उताराच्या छपराला माल कमी पडतो. तेवढ्यापुरते हे ॲप खरोखर उपयोगी आहे.

अडचण त्यापुढे सुरू होते. चाचणीसाठी मी अगदी साधे दुपाखी छप्पर घेतले : इमारत १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद, उतार २० अंश. ॲपने ९६ चौरस मीटरला १.०६४ ने गुणले, त्यावर १० टक्के नासाडी धरली आणि सुमारे ११२ चौरस मीटर पत्रा सांगितला. आता हाच हिशेब कागदावर करून पाहू. भिंतीबाहेरची वळचण ४० सेंटिमीटर आणि दोन्ही त्रिकोणी भिंतींबाहेर प्रत्येकी ३० सेंटिमीटर पत्रा धरला, तर छपराचे माप जमिनीवर १२.६ गुणिले ८.८ मीटर होते आणि उतारावरचे क्षेत्रफळ ११८ चौरस मीटर भरते. म्हणजे नासाडीसाठी ठेवलेले १० टक्के वळचणीतच संपतात आणि तरीही माल कमीच पडतो. वळचण किती, हा प्रश्न ॲप विचारतच नाही. ज्या छपराचे निम्मे काम भिंतींचे पावसापासून रक्षण करण्याचे असते, त्याच्या हिशेबात ही गाळलेली जागा मला अक्षम्य वाटते.

शिवाय छप्पर चौरस मीटरने मापले जात असले, तरी पत्रा अख्ख्या नगांनी बसतो. १,१०० मिलिमीटर रुंदीचा पत्रा शेजारच्या पत्र्यावर चढवल्यावर १,००० मिलिमीटरच झाकत असेल, तर १२.६ मीटरसाठी प्रत्येक पाख्याला १३, म्हणजे एकूण २६ पत्रे लागतात. प्रत्येकाची लांबी ४.७ मीटर धरल्यास १२२ मीटर लांबीचा पत्रा मागवावा लागतो आणि पूर्ण रुंदीने मोजला तर तो १३४ चौरस मीटर होतो. ॲपचे ११२ आणि हे १३४ यांतले अंतर किरकोळ म्हणता येणार नाही. त्यातच दराचा रकाना नुसता ‘प्रति चौरस मीटर’ असा आहे. विक्रेता पूर्ण रुंदीवर दर सांगतो, झाकल्या जाणाऱ्या रुंदीवर सांगतो, की लांबीच्या मीटरवर, याने एकाच मालाची रक्कम सहज दहा टक्क्यांनी बदलते.

जाडीच्या बाबतीतही ॲप असेच मोघम आहे. ०.५० मिलिमीटर हा एकच पर्याय आहे, पण तो मूळ पोलादाचा की मुलामा आणि रंग धरून, याचा खुलासा नाही. चौरस मीटरला १५० ग्रॅमचा ॲल्युमिनियम-जस्ताचा मुलामा आणि दोन्ही बाजूंचा रंग मिळून साधारण ०.०७ मिलिमीटर होतात. तेव्हा एकूण जाडी ०.५० असलेल्या पत्र्यात पोलाद ०.४३ च्या आसपासच उरते. दोन विक्रेत्यांचे दर शेजारी ठेवून तुलना करायची, तर हा फरक आधी मिटवावा लागतो. पोलादाऐवजी ॲल्युमिनियम निवडल्यावर ॲप फक्त दर बदलते. वास्तविक १० मीटर लांबीचा पोलादी पत्रा तापमानात ५० अंशांचा फरक पडल्यावर सुमारे ६ मिलिमीटर वाढतो आणि ॲल्युमिनियमचा त्याच्या जवळजवळ दुप्पट. त्यामुळे लांब पत्र्यांच्या जोडणीची पद्धतच वेगळी ठरते आणि तिचा खर्चही वेगळा.

कडेच्या पट्ट्यांचा हिशेब तर सरळ भागाकाराचा आहे. चार तिरक्या कडा प्रत्येकी ४.७ मीटरच्या, म्हणजे एकूण १८.८ मीटर. ॲपच्या पद्धतीने ३ मीटरच्या पट्टीने भागले, तर ७ नग येतात. प्रत्यक्षात प्रत्येक कडेला दोन पट्ट्या लागतात, त्या एकमेकींवर सुमारे १५ सेंटिमीटर चढवाव्या लागतात आणि उरलेला तुकडा दुसऱ्या कडेला पुरत नाही. म्हणून ८ नग मागवावे लागतात. एका नगाने फार बिघडत नाही, हे खरे, परंतु रंगीत पट्टी नंतर एकटी मागवली तर रंग जुळेलच असे नाही. स्क्रूंची संख्या मात्र समाधानकारक निघाली.

चौपाखी किंवा पन्हळ (दोन उतार आत मिळून होणारी खोलगट रेषा) असलेल्या छपरासाठी हे ॲप वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे पत्रे तिरके कापावे लागतात आणि कापलेला भाग समोरच्या उतारावर प्रत्येक वेळी बसतोच असे नाही. तरीही नासाडीचे प्रमाण ॲप तेच १० टक्के धरते आणि ते बदलण्याची सोय नाही.

सांगाडा, जुने छप्पर उतरवणे, लांब पत्र्यांची वाहतूक आणि मजुरी यांपैकी फक्त मजुरीला तक्त्यात जागा आहे, तीही क्षेत्रफळाच्या दराने. धुराडे किंवा छपरातली खिडकी यांच्याभोवतीचे काम क्षेत्रफळाने लहान आणि वेळेने मोठे असते, ते या दरात सामावत नाही. तयार होणाऱ्या छापील पत्रकावर रक्कम ठळक येते, पण वळचण, झाकणारी रुंदी आणि नासाडी यांविषयी काय धरले आहे, त्याचा एका ओळीतही उल्लेख नसतो. हे पत्रक विक्रेत्यापुढे ठेवायचे असेल, तर त्या तीन गोष्टी शेजारी हाताने लिहाव्यात आणि त्यांच्याच आधारे पत्र्यांची नगवार, लांबीसह यादी मागून घ्यावी.